सर्पगंधा : गुण, गैरसमज आणि आपण

(वर्षावासाच्या काळात विहारात केलेले भाषण. वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



समितीने मला विषय दिला, 'औषधी वनस्पती'. मी वैद्य नाही आणि डॉक्टरही नाही. माझे आयुष्य गिरणीत साच्यावर उभे राहण्यात गेले. शाळा नववीला सुटली. पुढे जे शिकलो ते वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि चळवळीतल्या माणसांकडून. तेव्हा शंभर वनस्पतींची यादी वाचून तुमचा वेळ घेण्यापेक्षा मी एकाच वनस्पतीबद्दल बोलणार आहे. तिचे नाव सर्पगंधा.

हीच का निवडली? कारण या एका झुडपाबद्दल आपल्या आज्या-पणज्या तीन गोष्टी सांगत आल्या. पहिली, सापाचे विष उतरते. दुसरी, वेड शांत होते. तिसरी, डोक्यातली गरमी उतरून झोप लागते. या तिन्ही गोष्टी सारख्याच जुन्या, सारख्याच विश्वासाने सांगितलेल्या. पण तपासायला घेतल्यावर एक खोटी निघाली, एक अर्धी खरी निघाली, आणि एक इतकी खरी निघाली की साऱ्या जगाच्या डॉक्टरांनी ती उचलली. आणि गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, जी खरी निघाली तिच्यामुळेच आज आपल्या वस्तीत माणसे अडचणीत येतात. ते कसे, हे सांगण्यासाठी मी उभा आहे.

झाडाची ओळख

सर्पगंधा हे लहानसे झुडूप आहे. उंची गुडघ्याएवढी, फार तर कमरेएवढी. सावलीच्या, ओलसर जंगलात ते वाढते. कोकण आणि सह्याद्रीच्या भागात, तसेच हिमालयाच्या पायथ्याशी, बिहार, आसाम या भागांत ते सापडते. आपल्याकडे काही ठिकाणी त्याला हरकी म्हणतात. एकाच पेरावर तीन-चार पाने गोल फिरून येतात. फुले पांढरी, त्यांवर गुलाबी झाक, आणि देठ लाल. फळ वाटाण्याएवढे, पिकल्यावर जांभळट काळे. औषधाचा सारा गुण मुळात, त्यातही मुळाच्या सालीत. मूळ वेडेवाकडे असते आणि चवीला कडू असते. शास्त्रज्ञांनी झाडाला जे लॅटिन नाव दिले आहे त्यात राउवोल्फ नावाच्या सोळाव्या शतकातल्या एका जर्मन वैद्याचे नाव आहे. म्हणजे ज्या बायकांनी हे मूळ जंगलातून खणून आणले, उगाळले, पाजले, त्यांतल्या एकीचेही नाव कुठे नाही, आणि परदेशातल्या वैद्याचे मात्र झाडाला कायमचे चिकटले. असो.

आपल्या माणसांना हे मूळ का माहीत होते, तेही लक्षात घ्या. गावात वैद्य असला तरी तो आपल्या वाड्यात येत नव्हता. सरकारी दवाखाना तालुक्याला. मग बाळंतपण असो, ताप असो, पोटदुखी असो, हाताशी रान होते आणि रानाची माहिती होती. आमच्या आजीला रानातली वीस-पंचवीस झाडे पानावरून ओळखता येत. ती काही मोठी शास्त्रज्ञ नव्हती, पण अडाणीही नव्हती. दुसरा इलाजच नव्हता म्हणून तिने ते शिकून घेतले होते.

पहिली समजूत : सापाचे विष

आता पहिली गोष्ट. नावातच सर्प आहे. जुन्या संस्कृत वैद्यकग्रंथांतही सर्पगंधा हे नाव विषावरच्या औषधांत येते. म्हणून साप चावला की मूळ उगाळून पाजायचे, जखमेवर लावायचे. कितीतरी लोक सांगतात, आमच्या डोळ्यांदेखत माणूस वाचला.

माणूस वाचला हे खरे असेल. पण तो मुळाने वाचला का? आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी असतात. आणि विषारी साप चावला तरी दर वेळी तो विष सोडतोच असे नाही. अशा वेळी तुम्ही मूळ पाजा, मंत्र म्हणा, नाहीतर नुसते बसून राहा, माणूस वाचणारच. श्रेय मात्र मुळाला आणि भगताला जाते. आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांनी पुरते विष भरले असेल तर मूळ उगाळण्यात गेलेला अर्धा तास माणसाचा जीव घेतो.

हे काही लहान प्रकरण नाही. २०२० मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा अंदाज असा की, २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने मेली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. ही कोण माणसे? शेतात राबणारी, जमिनीवर झोपणारी, खेड्यातली. म्हणजे आपलेच नातेवाईक. विषावर खरा उतारा एकच, सापाची लस. घोड्याला थोडे थोडे विष टोचून त्याच्या रक्तात जी प्रतिकारशक्ती तयार होते, तिच्यापासून ही लस बनते. आपल्या परळच्या हाफकिनचे नाव या लसीसाठी कित्येक वर्षांपासून माहीत आहे.

म्हणून गावी जाल तेव्हा हे सांगा. साप चावला तर माणसाला चालवू नका, हातपाय हलवू देऊ नका. आवळून दोरी बांधू नका, ब्लेड मारू नका, तोंडाने चोखू नका. १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीने लस असलेल्या दवाखान्यात न्या. सर्पगंधेचे मूळ या कामाचे नाही. ही पहिली गोष्ट खोटी ठरली.

दुसरी आणि तिसरी समजूत : वेड, झोप आणि बीपी

बिहारात या झाडाला 'पागल की दवा' म्हणत. वेडाच्या भरात आरडाओरडा करणाऱ्या माणसाला हे मूळ देत. तिकडच्या बायका रडक्या मुलाला झोप लागावी म्हणूनही ते वापरत. सुशिक्षित डॉक्टर याला बायकाबापड्यांची समजूत म्हणून हसत होते.

१९३१ साली दोन गोष्टी घडल्या. कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघांनी लेख लिहिला की, हे मूळ वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर उपयोगी पडते. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळातून निरनिराळी द्रव्ये वेगळी काढली. त्यांतल्या एकाला त्यांनी हकीम अजमल खान यांच्या नावावरून 'अजमलीन' असे नाव दिले.

पुढचा भाग तर आपल्या अगदी जवळ घडला. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील हे हृदयरोगाचे डॉक्टर होते. बीपीवर त्या काळी धड औषध नव्हते. डॉ. वकील यांनी रुग्णांना सर्पगंधा देऊन पाहिली. पण नुसती दिली नाही. प्रत्येकाचे बीपी आधी मोजले, औषध चालू असताना मोजले, नंतरही मोजले, आणि सगळे लिहून ठेवले. अशा ५० रुग्णांची हकीकत त्यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापली. मग साऱ्या जगाचे लक्ष या मुळाकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळातले मुख्य द्रव्य वेगळे केले. त्याचे नाव रेसरपीन. थोड्याच काळात त्याची गोळी देशोदेशी जाऊ लागली. डॉ. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

विचार करा. गिरण्यांच्या भोंग्याचा आवाज ज्या रुग्णालयात ऐकू जात होता, तिथे हे काम झाले. आणि आपल्या पोरांना ते शाळेत कुणी सांगत नाही.

वेडाच्या बाबतीत काय झाले? १९५४ मध्ये अमेरिकेत नेथन क्लाइन या डॉक्टरांनी मनोरुग्णांवर रेसरपीन वापरून पाहिले. जे रुग्ण अंगावर धावून येत, त्यांतले बरेच शांत झाले. पण पुढे असेही दिसले की काही माणसे शांत होता होता खचून जातात, उदास होतात. नंतर त्याहून चांगली औषधे आली आणि हे मागे पडले. म्हणून मी म्हणालो, दुसरी गोष्ट अर्धी खरी. तिसरी मात्र पुरी खरी ठरली. 'डोक्यातली गरमी' म्हणजे नेमके काय ते आजीला माहीत नव्हते, पण बीपी खरोखरच खाली येत होते.

हे मूळ काम कसे करते

आपल्या भाषेत सांगतो. मेंदूच्या आणि नसांच्या टोकांशी काही रसायने साठवलेली असतात. साच्याजवळ भरलेल्या कांड्या ठेवलेल्या असतात, तशी. निरोप द्यायचा असला की त्यातून थोडे रसायन सुटते. हृदय जोरात धडधडते, रक्तवाहिन्या आवळतात, मन जागे होते, ते या निरोपांमुळे. रेसरपीन या साठ्याचे दारच बंद करते. नवीन कांडी आत येत नाही, होती ती संपत जाते. मग साचा मंद चालतो. रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी उतरते, नाडी हळू होते, झोप येते.

पण बंधूंनो, ज्या रसायनांनी बीपी वाढते, तीच मनाला उभारीही देतात. साठा प्रमाणाबाहेर रिकामा झाला की माणूस खचतो. नाक चोंदते, सुस्ती येते, पोटात आम्ल वाढून अल्सर चिघळतो, काहींना कंपवातासारखे हात कापणे सुरू होते. आणि याचा परिणाम लगेच जात नाही. चढायला दिवस लागतात, तसे औषध बंद केल्यावर उतरायलाही दिवस लागतात, कधी काही आठवडे.

या दोषातूनही विज्ञानाने फायदा काढला. स्वीडनच्या अर्विड कार्लसन यांनी १९५७ च्या सुमारास प्राण्यांना रेसरपीन दिले. प्राणी दगडासारखे गप्प बसले. मग त्यांना एल-डोपा नावाचे द्रव्य टोचले, तर ते उठून हालचाल करू लागले. त्या शोधातून कंपवातावरच्या औषधाची वाट सापडली. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या रानातल्या मुळाची गोष्ट कुठवर गेली बघा.

वस्तीतली एक हकीकत

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. आमच्या खात्यातला एक साथी. नाव सांगत नाही, पण इथले काही लोक ओळखतील. २०२० च्या टाळेबंदीत गिरणी थांबली, ती पुन्हा सुरू झाली नाही. घरी बसणे, मुलीचे शिक्षण, पतपेढीचा हप्ता. एका शिबिरात बीपी तपासले तर बरेच वाढलेले. डॉक्टरांनी गोळी दिली. महिनाभर घेतली. मग कुणीतरी सांगितले, "अरे, ही इंग्रजी गोळी एकदा लागली की मरेपर्यंत सुटत नाही. त्यापेक्षा मुळाची पूड घे, ती निसर्गाची आहे, तिने अपाय नाही." स्टेशनबाहेरच्या जडीबुटीवाल्याकडून त्याने सर्पगंधेची पूड आणली. गोळी बंद. सकाळी एक चमचा, रात्री एक चमचा.

पहिल्या महिन्यात बीपी उतरले. तो सगळ्यांना सांगत सुटला. पण पुढे काय झाले? नाक सदा चोंदलेले. दिवसभर झोप. जेवण कमी झाले. नाक्यावर यायचा बंद झाला. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. एकदा मी भेटायला गेलो तर म्हणाला, "आता जगून काय करायचं?" हा माणूस गेटसभेत पहिल्या रांगेत उभा राहून घोषणा देणारा.

घरच्यांना वाटले, कुणीतरी काही केले. मग भगत, लिंबू, कोंबडा, हजारो रुपये गेले. बौद्धाच्या घरात हे चालले होते, हेही सांगायला लाज वाटता कामा नये, कारण घाबरलेले माणूस कुठेही जाते. शेवटी वहिनींनीच डोके चालवले. पुडी पदराला बांधून त्या नवऱ्याला घेऊन दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी नाडी पाहिली, पुडीवरचे नाव वाचले आणि विचारले, "हे किती दिवस चालू आहे?" पूड बंद केली, बीपीची वेगळी गोळी दिली, मनाच्या डॉक्टरांकडे पाठवले. काही आठवड्यांनी माणूस हळूहळू बोलू लागला. आज तो ठीक आहे.

पुडीत नेमके काय होते हे प्रयोगशाळेत कुणी तपासले नाही. त्यामुळे सगळा दोष सर्पगंधेचाच होता, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण मुद्दा तोच आहे. रेसरपीनची गोळी दिवसाला पाव मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी देत. एका ग्रॅमचे हजार भाग करा, त्यातल्या एका भागाचा पाव. एवढ्याशा द्रव्याने माणसाच्या मनावर परिणाम होतो, आणि आपण चमच्याने पूड खातो. कोणत्या जंगलातले मूळ, किती वर्षांचे, कोणत्या ऋतूत खणलेले, त्यावर त्यातले द्रव्य कमी-जास्त होते. बाजारात त्याच जातीच्या दुसऱ्या झाडांची मुळेही मिसळून येतात. मग मोजायचे कसे?

'निसर्गाची आहे, अपाय नाही' हे वाक्य मनातून काढून टाका. ज्यात गुण करण्याची ताकद आहे, त्यात अवगुण करण्याचीही ताकद असते. धोतराही निसर्गाचाच आहे.

जीवक आणि आपली परीक्षा

आपल्यापैकी बरेच जण जीवकाची गोष्ट सांगतात. भगवान बुद्धांवर उपचार करणारा हा वैद्य तक्षशिलेला सात वर्षे शिकला. गुरूने सांगितले, भोवतालच्या एका योजनात फिर आणि जी औषधी नाही अशी वनस्पती घेऊन ये. जीवक रिकाम्या हाताने परत आला. ही गोष्ट सांगून लोक म्हणतात, बघा, प्रत्येक झाड औषध आहे. पण गुरूने त्याला उत्तीर्ण कशाबद्दल केले? तो प्रत्येक झाडापाशी थांबला, ते ओळखले, त्याचा उपयोग सांगू शकला, याबद्दल. रस्त्यावर दिसेल ते खा, असा त्याचा अर्थ नाही.

विनयपिटकाच्या महावग्गात औषधांवर एक पूर्ण प्रकरण आहे. त्यात हळद, आले, वेखंड, वाळा, नागरमोथा अशी मुळे आहेत. ती आपण आजही वापरतो. त्याच प्रकरणात साप चावलेल्या भिक्खूला काय द्यावे हेही आहे : विष्ठा, मूत्र, राख आणि माती. अडीच हजार वर्षांपूर्वी हाताशी तेवढेच होते. आज इथल्या कुणाला साप चावला तर आपण हे देऊ का? नाही देणार. भन्तेजीही देऊ देणार नाहीत. आणि यात धम्माचा अवमान नाही. ग्रंथात आहे म्हणून मानू नका, परंपरेने आले म्हणून मानू नका, असे कालामांना सांगणारे तथागतच होते. तो नियम दुसऱ्यांच्या पोथ्यांना लावायचा आणि आपल्या ग्रंथांना किंवा आपल्या आजीच्या औषधाला लावायचा नाही, असे कसे चालेल?

मात्र त्या नियमाची दुसरी बाजूही आहे. अडाण्यांनी सांगितले म्हणून फेकून देऊ नका. बिहारच्या बायकांचे बोलणे डॉक्टरांनी हसण्यावारी नेले असते, तर बीपीचे एक मोठे औषध जगाला मिळालेच नसते.

रान रिकामे होते आहे

आणखी एक गोष्ट. मूळ काढायचे म्हणजे सगळे झाड उपटावे लागते. मूळ कामाचे व्हायला दोन-तीन वर्षे लागतात, उपटायला दोन मिनिटे. परदेशातून मागणी आल्यावर जंगलेच्या जंगले खणली गेली. खणणाऱ्या आदिवासीच्या हातात किरकोळ पैसे पडले, नफा वर गेला. आज रानातल्या वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत सर्पगंधा आहे, आणि रानात ती शोधावी लागते. तेव्हा गावी गेल्यावर ओळखीचे झाड दिसले तर उपटू नका. लेकरांना दाखवा, नाव सांगा आणि तिथेच राहू द्या.

आता आपण काय करायचे

भाषण ऐकून घरी जायचे आणि विसरायचे, असे होऊ नये म्हणून चार गोष्टी समितीपुढे आणि तुमच्यापुढे ठेवतो.

१) दर महिन्याच्या पौर्णिमेला वंदनेनंतर विहारात बीपी मोजायचे यंत्र ठेवावे. डोके दुखत नाही म्हणजे बीपी नाही, हा समज चुकीचा आहे. बीपी गुपचूप वाढते आणि एक दिवस लकवा मारतो. मोजल्याशिवाय कळत नाही.

२) डॉक्टरांची गोळी परस्पर बंद करू नका. गोळी सोसत नसेल तर तसे डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतील. आज बीपीवर त्याहून सुरक्षित गोळ्या आहेत, म्हणून डॉक्टर सहसा रेसरपीन आधी देत नाहीत. महापालिकेच्या दवाखान्यात बीपीच्या गोळ्या मिळतात.

३) घरात जी पूड, काढा, चूर्ण चालू असेल ते डॉक्टरांपासून लपवू नका. पुडी बरोबर न्या. डॉक्टर ओरडले तर ओरडू द्या. गरोदर बाई, अल्सरचा रोगी, आधी कधी मन खचलेला माणूस, यांनी सर्पगंधेपासून दूरच राहावे. आणि घरातले माणूस अचानक गप्प गप्प झाले, तर भगताआधी डॉक्टर.

४) तरुणांनी एक वही करावी. वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांकडे जाऊन बसावे. कोणते झाड, गावाकडचे नाव काय, कशावर देत होत्या, किती देत होत्या, गुण आला का, अपाय झाला का, हे सगळे लिहून घ्यावे. आणि सांगणाऱ्या बाईचे नाव पहिल्या ओळीत लिहावे. मग ती वही घेऊन जाणकार डॉक्टर आणि वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकांपुढे बसावे. यातले टिकेल ते टिकेल, गळेल ते गळेल. पण ते तपासून गळू द्या. त्या म्हाताऱ्या बाया एकेक करून जात आहेत, वहीला उशीर करू नका.

मी बोलायला उभा राहिलो तेव्हा समितीच्या अध्यक्षांनी पंधरा मिनिटे दिली होती, ती केव्हाच संपली.  ज्यांच्या घरी बीपीची गोळी चालू आहे त्यांनी आज रात्रीची गोळी आठवणीने घ्यावी, एवढी विनंती करून थांबतो.

नमो बुद्धाय. जयभीम.